वडिलांची चित्रे आणि मुलाची नदी

अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात एक भले मोठे तैलचित्र आहे. शिकाऱ्याचा पोशाख केलेला, हाती बंदूक घेतलेला, पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा त्यात उभा आहे. जवळ त्याचा कुत्रा आहे. १९१० साली काढलेल्या ह्या चित्राचे जनक पिएर-ऑग्यूस्त रन्वार, आणि चित्रातला मुलगा हा त्यांचाच मधला मुलगा ज्याँ. पुढे हा मुलगा चित्रपट-दिग्दर्शक झाला, आणि ह्या धंद्याच्या पायी वडिलांची कितीतरी चित्रे त्याने विकून टाकली. हे एक चित्र मात्र त्याने अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवले. ती चित्रे का गेली आणि हे का राहिले, ह्या दोन प्रश्नांच्या दरम्यान एका मुलाची सारी जीवनकथा सामावलेली आहे. आज तीच आपल्यापुढे मांडावयाची आहे.

थोर माणसाच्या मुलाविषयी बोलताना आपल्याकडे दोन म्हणी तयारच असतात. मुलाने नाव काढले तर आपण म्हणतो, 'खाण तशी माती'. नाही काढले तर म्हणतो, 'दिव्याखाली अंधार'. गंमत अशी की, दोन्ही म्हणींत मुलाला स्वतःचे असे काही नाहीच! यश आले तर ते खाणीचे, अपयश आले तर तेही दिव्याचेच. मग अशा मुलाने करावे तरी काय? पित्याच्या वाटेने जावे, तर तो नक्कल ठरतो. पाठ फिरवून दूर पळावे, तरी पळण्याची दिशा पित्यानेच ठरविलेली असते. ज्याँ रन्वारने ह्या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या, आणि मग त्याला तिसरी वाट सापडली.

प्रथम पित्याची ओळख करून घेऊ. ऑग्यूस्त रन्वार १८४१ साली फ्रान्समधील लिमोझ गावी एका शिंप्याच्या घरी जन्मले. लहानपणीच पॅरिसमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर फुले आणि चेहरे रंगविण्याच्या कामाला ते लागले. १८७४ साली मोने, पिसारो, देगा, सेझान आदी मित्रांबरोबर त्यांनी जे प्रदर्शन भरविले, त्याची त्या वेळी टवाळी झाली. पण चित्रकलेच्या इतिहासात दृक्प्रत्ययवाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संप्रदायाचा उदय त्याच प्रदर्शनातून झाला. १८९४ च्या सप्टेंबरात मोंमार्त्र टेकडीवरील घरी ज्याँ जन्मला, तेव्हा टवाळीचे दिवस सरले होते आणि मानाचे दिवस सुरू झाले होते. एवढे होऊनही त्यांची वृत्ती कारागिराचीच राहिली. 'कलावंत' ह्या शब्दाभोवतीचे वलय त्यांना रुचत नसे. सुतार सुतारकाम करतो, तसे आपण रंगकाम करतो, अशी त्यांची साधी धारणा होती.

ह्या घरात मुलगा म्हणजे चित्राचा विषयही असे. ज्याँचे तांबूस सोनेरी केस वडिलांना रंगवावयास फार आवडत. म्हणून शाळेत जाईपर्यंत ते कापले गेले नाहीत. तो शिवणकाम करताना, खेळताना, सांभाळणाऱ्या गाब्रिएलच्या मांडीवर बसलेला असताना वडिलांनी त्याला रंगविले. आज ही चित्रे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी जग पाहू लागण्यापूर्वीच हा मुलगा दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगाला दिसलेला होता! ह्या गाब्रिएलचे उपकारही सांगितले पाहिजेत. ती ज्याँच्या आईच्या नात्यातली, खेड्यातून आलेली, सोळा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी. तिने त्याला बोटाला धरून बाहुल्यांच्या खेळांना नेले. पडदा वर जाण्यापूर्वीची ती हुरहुर ज्याँ जन्मभर विसरला नाही.

मग पहिले महायुद्ध आले. १९१५ च्या वसंतात ज्याँच्या मांडीत गोळी घुसली. जखम चिघळली आणि पाय कापण्याची वेळ आली. आई आलीन स्वतः आजारी असूनही आघाडीजवळच्या रुग्णालयात धावून गेली आणि पाय तोडू देणार नाही म्हणून हटून बसली. पाय वाचला, पण ज्याँ कायमचा लंगडा झाला. आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्या माउलीने प्राण सोडला.

ह्या दुःखातूनच पितापुत्रांची खरी भेट घडली. मुलगा लंगडत चालणारा, आणि वडील संधिवाताने चाकांच्या खुर्चीला खिळलेले. वडिलांची बोटे इतकी वाकडी झाली होती की, तळहाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून त्यांत कुंचला बसवावा लागे. तरी एकही दिवस रंगविल्यावाचून जात नसे. पॅरिसच्या घरी त्या दिवसांत दोघे तासन्‌तास बोलत बसत. वडिलांचे एक आवडते तत्त्वज्ञान होते : माणसाने बुचासारखे असावे. पाण्यात पडलेले बूच प्रवाहाशी झगडत नाही, बुडतही नाही; प्रवाह नेईल तिकडे ते तरंगत जाते. ऐकणाऱ्या मुलाला त्या वेळी हा म्हातारपणाचा समाधानी विचार वाटला असेल. पण हे बूच आणि हे पाणी त्याच्या आयुष्यात पुनःपुन्हा येणार होते.

डिसेंबर १९१९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील कान्य येथे वडील वारले. पुढच्याच महिन्यात ज्याँने विवाह केला, तो वडिलांची शेवटची मॉडेल आंद्रे हिच्याशी. उदरनिर्वाहासाठी म्हणून त्याने मातीची भांडी घडविण्याचा उद्योग मांडला. श्रोतेहो, ह्या आरंभाकडे जरा लक्ष देऊन पाहा. पत्नी वडिलांच्या चित्रांतली, घर वडिलांचे, पैसा वडिलांचा, आणि धंदासुद्धा वडिलांनी लहानपणी ज्याने सुरुवात केली त्याच भट्टीतला! सावली म्हणतात ती ह्याहून निराळी काय असणार?

त्यातून बाहेर नेणारे दार चित्रपटाचे होते. जखमी अवस्थेत ज्याँला चॅप्लिनच्या मूकपटांचे वेड लागले होते. आंद्रेलाही अमेरिकन चित्रतारकांचे आकर्षण होते. तिला तारका बनवावे ह्या एकाच हेतूने आपण चित्रपटाकडे वळलो, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. आंद्रे 'कातरीन हेस्लिंग' झाली आणि १९२४ पासून ज्याँ तिला घेऊन मूकपट काढू लागला. १९२६ साली एमिल झोलाच्या कादंबरीवरचा 'नाना' हा भव्य मूकपट त्याने स्वतःच्या जबाबदारीवर काढला. डोळे दिपविणारे देखावे, मोठाले जिने, वेशभूषेचा थाट, कशाचीच उणीव नव्हती. पण चित्रपट कोसळला आणि ज्याँ कर्जात बुडाला.

कर्ज फेडावयाचे, तर विकण्याजोगी वस्तू घरात एकच होती : वडिलांची चित्रे. ती एकामागून एक गेली. भिंती उघड्या पडत चालल्या. प्रत्येक विक्री आपणांस विश्वासघातासारखी वाटे, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे. लोकांना हे अर्थातच ठाऊक होते. बापाने रंगवावे आणि बेट्याने उधळावे, असे म्हणावयास कोण चुकणार? वरवर पाहता हे म्हणणे खोटेही नव्हते. परंतु ह्या विक्रीचा दुसराही एक अर्थ होता. ज्या मुलाजवळ आता वडिलांचा कुंचला नव्हता, कीर्ती विकता येण्याजोगी उरली नव्हती, आणि भिंतीवर आधारही नव्हता, त्याला ह्यापुढे आपल्याच डोळ्यांनी पाहणे भाग होते.

हा बदल १९३१ च्या 'ला शिएन' ह्या बोलपटात स्पष्ट दिसतो. त्याची कथा ऐकली तर आपणांस नवल वाटेल. लग्राँ नावाचा एक गरीब रोखपाल रविवारच्या सुट्टीत चित्रे काढतो. ज्या मुलीच्या तो नादी लागतो, तिचा मवाली साथीदार ती चित्रे दुसऱ्याच नावाने विकतो आणि पैसा कमावतो. सर्वनाश झाल्यावर अखेरच्या दृश्यात भिकारी झालेला लग्राँ एका चित्रांच्या दुकानासमोर येतो. आत त्याचेच आत्मचित्र विकले गेले आहे आणि मोटारीत ठेवले जात आहे. पण त्याला त्याचे भानही नाही. मिळालेल्या बक्षिसीने खूश होऊन तो हसत निघून जातो! कथा मुळात एका कादंबरीची होती. पण वडिलांची चित्रे गाड्यांतून जाताना पाहिलेल्या मुलाने ती उचलावी, हा केवळ योगायोग म्हणवत नाही. शिवाय हा चित्रपट त्याने ज्या मोंमार्त्रमध्ये तो जन्मला तेथल्याच रस्त्यांवर, तेथलेच खरे आवाज मुद्रित करून घेतला. ह्या यशाची किंमतही त्याला मोजावी लागली. नायिकेची भूमिका निर्मात्यांच्या आग्रहाने दुसऱ्या नटीला गेली, आणि वडिलांच्या चित्रांतून आलेली ती पत्नी त्याच्या जीवनातून निघून गेली.

त्यानंतरची आठ वर्षे म्हणजे त्याच्या प्रतिभेचा बहर. १९३५ साली दक्षिण फ्रान्समधील मार्तीग येथे जाऊन, परदेशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांच्या जीवनावर त्याने 'तोनी' काढला. स्टुडिओतल्या रंगविलेल्या भिंतींऐवजी खऱ्या दगडखाणी आणि खरी घरे त्याने पडद्यावर आणली. १९३७ साली 'ला ग्रांद इल्युझ्याँ' म्हणजे 'महान भ्रम' आला. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच युद्धकैद्यांची ही कथा. पण तीत शत्रू म्हणून द्वेष करावा असा माणूसच सापडत नाही. देशांच्या सीमा माणसांनी आखलेल्या आहेत, निसर्गाने नव्हे, हे तो चित्रपट आवाज न चढविता सांगतो. ज्याँ गाबाँ ह्या नटाने त्यात अंगात घातलेला वैमानिकाचा गणवेश ज्याँचा स्वतःचा होता. जखमी झाल्यावर त्याने विमानातून टेहळणी केली होती. हिटलरच्या जर्मनीने ह्या चित्रपटावर बंदी घातली, ह्यात आश्चर्य नाही. मात्र त्यात पित्याच्या कीर्तीचा कणभरही उपयोग झालेला नव्हता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची.

परंतु सावलीतून बाहेर येणे म्हणजे झाड तोडणे नव्हे, हे त्याला ह्याच काळात उमगले. १९३६ च्या उन्हाळ्यात मोपासाँच्या कथेवरून त्याने 'पार्ती द काँपान्य', म्हणजे 'रानातली सहल', हा छोटा चित्रपट घेतला. स्थळ नदीकाठचे, वडिलांच्या तारुण्यातल्या चित्रांना शोभेल असे. वडिलांचे १८७६ चे 'झोका' नावाचे चित्र प्रसिद्ध आहे. झाडांमधून गळणाऱ्या उन्हाच्या कवडशांत एक तरुणी झोक्यावर उभी आहे. मुलाच्या चित्रपटातही एक मुलगी झोक्यावर चढते. पण चित्रातला झोका स्थिर आहे, आणि पडद्यावरचा झोका हलतो; कॅमेराही त्याबरोबर झेप घेतो. एवढ्यावर थांबला असता तर तो वडिलांचे चित्र हलवून दाखविणारा मुलगा ठरला असता. तो पुढे जातो. सुखाचा तो एक क्षण सरतो, नदीवर पावसाच्या सरी कोसळू लागतात, आणि काही वर्षांनी तीच मुलगी नावडत्या नवऱ्याच्या शेजारी बसलेली दिसते. पित्याने उन्हाचा क्षण पकडला; त्या क्षणानंतर काय होते, हे पुत्राने दाखविले. माझ्या मते त्या दोघांतला वारसा आणि वेगळेपणा ह्या एका झोक्यात पाहावयास मिळतो. हा चित्रपट पावसामुळे अपुरा राहिला आणि दहा वर्षांनी, १९४६ साली, लोकांपुढे आला.

जुलै १९३९ मध्ये 'ला रेग्ल द्यू ज्यो', म्हणजे 'खेळाचे नियम', पॅरिसमध्ये प्रथम दाखविला गेला. श्रीमंतांच्या एका वाड्यातील मेजवानी, शिकार आणि प्रेमप्रकरणे ह्यांच्या आडून, युद्धाच्या तोंडाशी येऊन ठेपलेल्या समाजाचा पोकळपणा त्याने दाखविला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला. चित्रपटाला कात्री लागली. युद्ध सुरू होताच सरकारने त्यावर बंदी घातली. त्यातील शिकारीचे दृश्य अंगावर येते. वडिलांच्या चित्रात हातातली बंदूक ही शोभेची वस्तू होती. मुलाच्या चित्रपटात तीच बंदूक ससे आणि पाखरे टिपते, आणि शेवटी माणूसही. ह्या चित्रपटात ज्याँने स्वतः ऑक्ताव्ह नावाची भूमिका केली आहे. एका थोर, दिवंगत संगीतकाराच्या छायेत वाढलेला, सर्वांना हवाहवासा, पण स्वतः काही करून न दाखविलेला असा हा माणूस. एका रात्री वाड्याच्या पायऱ्यांवर तो त्या गुरूची नक्कल करीत, समोर वाद्यवृंद आहे असे समजून हात उंचावतो, आणि मग त्याचे हात गळून पडतात. आपण जे होण्याचे भय बाळगीत होतो, ते ज्याँने येथे स्वतःच्या देहाने रंगवून दाखविले. ज्याला स्वतःचे भय असे उघड्यावर मांडता येते, तो त्यातून सुटलेला असतो. पुढे महायुद्धातील बाँबहल्ल्यात ह्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. उरलेले तुकडे जुळवून १९५९ साली तो पुन्हा उभा केला गेला, आणि आज जगातील श्रेष्ठ चित्रपटांत त्याची गणना होते.

१९४० च्या अखेरीस ज्याँ अमेरिकेला गेला. तेथील स्टुडिओंच्या शिस्तीत त्याचा जीव रमला नाही. आणि मग एक अनपेक्षित वळण आले, ते आपल्या देशाकडे. बंगालमध्ये वाढलेल्या रूमर गॉडन ह्या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरून 'द रिव्हर' म्हणजे 'नदी' हा चित्रपट करावयाचा त्याने ठरविला. त्यासाठी पैसा उभा केला तो लॉस एंजेलिसमधल्या एका फुलांच्या व्यापाऱ्याने. १९४९ साली ज्याँ कलकत्त्याला आला आणि १९४९-५० च्या हिवाळ्यात हुगळीच्या काठी चित्रीकरण झाले. हा त्याचा पहिला रंगीत चित्रपट. छायालेखक होता त्याचा पुतण्या क्लोद. म्हणजे रंगांचे काम रन्वार घराण्याकडे पुन्हा आले, ते गंगेच्या पाण्याच्या साक्षीने!

ह्या चित्रपटात तागाच्या गिरणीजवळ राहणारे एक इंग्रज कुटुंब आहे. त्यांच्या खिडकीतून जेवढा भारत दिसावा तेवढाच त्यात दिसतो, हा आक्षेप मान्य केला पाहिजे. येथील माणसांची दुःखे त्यात फारशी उमटलेली नाहीत. परंतु त्यात युद्धात पाय गमावलेला एक तरुण आहे, आणि लंगडत चालणाऱ्या दिग्दर्शकाने त्याच्याकडे फार समजुतीने पाहिले आहे. नागाच्या दंशाने एक लहान मुलगा मरतो. घर शोकात बुडते. पण नदीवरच्या नावा थांबत नाहीत, आणि शेवटी त्याच घरात एक मूल जन्मते. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याचे ते बूच आणि तो प्रवाह येथे आपणांस पुन्हा भेटतो. मुलाने बोलून दाखविले नाही, पण वडिलांचे म्हणणे त्याला हुगळीच्या काठी पटले असावे.

कलकत्त्याच्या ह्या मुक्कामात जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करणारा एक तरुण ज्याँला हॉटेलात भेटावयास आला, आणि स्थळे शोधण्यासाठी त्याच्याबरोबर खेड्यापाड्यांतून हिंडला. तो तरुण म्हणजे सत्यजित राय. त्यांचे मित्र बन्सी चंद्रगुप्त ह्यांनी 'नदी'च्या कलाविभागात काम केले. सुब्रत मित्र हे चित्रीकरण पाहावयास येत आणि टिपणे करीत. १९५५ साली 'पथेर पांचाली' पडद्यावर आला, तेव्हा राय दिग्दर्शक, मित्र छायालेखक आणि चंद्रगुप्त कलादिग्दर्शक होते. आणखी एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. सत्यजित हेही एका थोर पित्याचे पुत्र. बंगालच्या घराघरांत ज्यांच्या विनोदी कविता पोहोचल्या, त्या सुकुमार राय ह्यांचा १९२३ साली मृत्यू झाला तेव्हा सत्यजित अवघे दोन वर्षांचे होते. एकाला पिता फार जवळून मिळाला, दुसऱ्याला जवळजवळ मिळालाच नाही; तरी दोघांनीही उत्तरायुष्यात पित्याचे ऋण फेडले. राय ह्यांनी १९८७ साली सुकुमारांवर एक अनुबोधपट काढला.

ज्याँनेही तसेच केले. १९५९ साली त्याने कान्य येथील वडिलांच्या ऑलिव्हच्या बागेत जाऊन एक चित्रपट घेतला. १९६२ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 'माझे वडील' हे वडिलांचे चरित्र त्याने प्रसिद्ध केले. युद्धकाळातल्या त्या दीर्घ संभाषणांवर ते उभे आहे. पुढे १९७४ साली लिहिलेल्या आठवणींत त्याने एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली : आपल्यावर पित्याचा प्रभाव नेमका किती, ह्याचा शोध घेण्यातच आपले आयुष्य गेले. तारुण्यात हेच वाक्य त्याला पराभवासारखे वाटले असते. ऐंशीच्या घरात ते त्याने कृतज्ञतेने लिहिले. तारुण्य आणि हे वार्धक्य ह्यांच्यामध्ये त्याच्या स्वतःच्या चित्रपटांची रास उभी होती, म्हणूनच हे शक्य झाले. जवळ स्वतःचे काही असल्यावाचून दुसऱ्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करता येत नाही.

१२ फेब्रुवारी १९७९ रोजी कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले, आणि फ्रान्समध्ये आईच्या माहेरी, एस्वा गावी, वडील जेथे विसावले आहेत तेथेच त्याला पुरण्यात आले. शिकाऱ्याच्या पोशाखातील त्या मुलाचे चित्र मग लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाकडे गेले. जी चित्रे त्याने विकली, त्यांनी त्याला वाट मोकळी करून दिली. जे ठेवले, त्यातला मुलगा अजून वडिलांकडे पाहत उभा आहे. सावलीतून बाहेर पडून उन्हात आपले पीक काढणे, आणि संध्याकाळी त्याच झाडाखाली स्वखुशीने परत येऊन बसणे, अशी ती तिसरी वाट होती.